आईंचं डोकं समुद्राच्या तळाशी

माझ्या नणंदेला घरात सगळे पाणबुडी म्हणतात. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या जहाजावर ती असते. तळ किती खोल, लाट किती उंच, पाणी किती खारट, सगळं मोजते. घरातली कुठली वस्तू कोणाची, एवढंच तिला कळत नाही. मी नाटकवाल्यांचे विग करते. माझ्या खोलीत थर्मोकोलची डोकी रांगेने मांडलेली असतात. मागच्या खेपेला निघताना बाईसाहेबांनी त्यातलं एक उचललं. न विचारता.

आणि तेही नेमकं आईंचं.

सासूबाईंचे केस औषधांनी गेले. औषधं संपली, तब्येत सुधारली, पण त्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेनात. भाजीवाल्याशी घासाघीस केल्याशिवाय ज्यांना जेवण जात नसे, त्या दाराआड बसून राहिल्या. मी हातापाया पडून त्यांच्या डोक्याचं माप घेतलं. चिकटपट्ट्या गुंडाळून एक थर्मोकोलचं डोकं हुबेहूब त्या मापाचं केलं. त्यावर केसांची कड आखली, कानामागचा तीळ काढला आणि हौसेने त्यांच्या भुवयाही. जहाज परतलं की घरच्यांना ते बघायला बोलावणार होते. "केस असतील तर येईन," असं आई कशाबशा कबूल झाल्या होत्या.

डोकं गायब झाल्यावर मी घर पालथं घातलं, नवऱ्याला फैलावर घेतलं. आई पुन्हा माप द्यायला तयार होईनात. "एकदा दिलंय, ते शोध," म्हणाल्या.

जहाज परतलं. पाणबुडी घरी आली आणि तिने रुमालातून संत्र्याएवढं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. भुवया, तीळ, सगळं जागच्या जागी, पण चिमुकलं.

"हे काय आहे?"

"आई," ती म्हणाली. "अगं वहिनी, पाण्याचे नमुने घ्यायला आम्ही बाटल्यांची चौकट खोल सोडतो. तिला थर्मोकोलचे पेले बांधून पाठवायची आमच्याकडे पद्धत आहे. खाली पाण्याचा भार इतका, की थर्मोकोलमधली हवा चेपते आणि पेला अंगठ्याएवढा होऊन वर येतो. सगळे पेल्यांवर घरच्यांची नावं लिहितात. मी म्हटलं, नाव कशाला, आख्खी आईच पाठवू. तिला तळापर्यंत दुसरं कोण नेणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्यावर त्यांचा विग होणार होता. उद्या तुझ्या जहाजावर यायच्या होत्या त्या. आता बस एकटीच."

पाणबुडीचा चेहरा खर्रकन उतरला. तेवढ्यात डोक्याला रुमाल बांधलेल्या आई आतून आल्या. त्यांनी ते डोकं हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिलं.

"तिथे खाली मासे असतात?"

"असतात ना. मऊ, फिकट, बुळबुळीत."

"मग ते नाही चेपत?"

"त्यांच्या अंगात हवा नसते. हवा भरलेली असेल तेच चेपतं."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. "मग हिला कधी नेऊ नकोस बाई. सध्या फार फुगलीय."

मायलेकी खो खो हसत सुटल्या. मी मुद्दाम तोंड वाकडं करून बसले. पण आईंचं ते हसणं कित्येक महिन्यांनी ऐकत होते, आणि आत मला फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी बघते तर आई चपला घालून दारात. भुवयांपर्यंत रुमाल, हातात पिशवी, पिशवीत ते डोकं. "हिला बाटल्यांची चौकट दाखवून आणते," माझ्याकडे बोट दाखवत त्या लेकीला म्हणाल्या. मी झटक्यात चपला पायात सरकवल्या. न जाणो, विचार बदलायच्या.

जहाजावर चौकटीपाशी गर्दी होती. ते डोकं या हातातून त्या हातात फिरलं. एका थोराड खलाशाने ते उलटंसुलटं केलं. "कोणाचं म्हणायचं हे?"

पाणबुडी खाली बघायला लागली. मीही.

"माझं," आई म्हणाल्या.

खलाशी हसला. "काहीतरीच काय आजी."

आईंना सगळं चालतं, खोटं पाडलेलं चालत नाही. त्यांनी सगळ्यांदेखत रुमाल ओढून काढला आणि मान वाकवून कान त्याच्यापुढे केला. "ताडून बघा."

बिचाऱ्याने खरंच ताडून पाहिलं. एकदा हातातल्या डोक्याकडे, एकदा आईंकडे. "तीळ जुळतोय," तो म्हणाला.

वारा भन्नाट होता. आईंनी रुमाल घडी करून पिशवीत टाकला आणि मला म्हणाल्या, "जाताना भाजी घेऊनच जाऊ."