स्टेपनी काढलेली गाडी

खात्यात मला शंकासुर म्हणतात. म्हणोत बापडे. गाडी मागून ठोकायची आणि पेट्रोलची टाकी फुटते का ते बघायचं, हेच माझं काम. शंका काढायच्या नाहीत तर काय टाळ्या वाजवायच्या?

या नव्या गाडीची धडक चाचणी मीच घेतली. टाकीत पेट्रोलऐवजी न पेटणारं निळं तेल भरून ती ठोकली आणि ट्रे घेऊन मी खाली शिरलो. थेंबही गळला नव्हता. डिकीतल्या स्टेपनीने सगळा मार स्वतःवर घेतला होता. पत्रा तिच्यापाशीच अडला होता, टाकीपासून चार बोटांवर.

गाडी पास झाली. मग विक्रीवाल्यांना डिकी मोठी हवीशी झाली आणि स्टेपनी गेली. तिच्याऐवजी पंक्चर बुजवायची एक बाटली आली.

"पुन्हा ठोकून बघू या," मी साहेबांना म्हटलं.

"अहो, स्टेपनी काढलीये, टाकी नाही! 'किरकोळ बदल' लिहा आणि सही करा."

दोन दिवस कुरकुरलो, तिसऱ्या दिवशी शेपूट घालून सही केली. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, हे कारण स्वतःलाच सांगून सांगून मला त्याची किळस आली आहे.

आणि भाचीने नेमकी तीच गाडी घेतली, वर "माझ्या मामाच्या कंपनीची" म्हणून मिरवली. रविवारी मी एक स्टेपनी विकत घेऊन गेलो आणि तिच्या डिकीत ठेवली.

"कंपनी देत नाही आणि तू देतोस?"

"असू दे. काढायची नाही, बस्स."

भाची शाळेत गणित शिकवते, तिला थापा पचत नाहीत. तिने तिथेच, गाड्यांच्या मधे उभं करून खोदून खोदून विचारलं. मी सगळं ओकलो, सहीसकट.

"खालच्या वहिनींनीही हीच गाडी घेतलीये," ती म्हणाली. "त्यांना सांगून येते."

"नको! माझी नोकरी जाईल."

हे इतक्या चटकन तोंडून निघालं की मला शरम वाटली. डिकी उघडून तिने स्टेपनी बाहेर ओढली आणि ढकलत पलीकडच्या गाडीपाशी नेली.

"त्यांची दोन्ही पोरं मागे बसतात," ती म्हणाली.

मग काळे झालेले हात झटकत तिने माझ्याकडे पाहिलं. "मामा, एकच आणलीस?"