डाव्या बाजूचे ओरखडे

त्या व्हॅनचा तिला मनापासून तिटकारा होता. सतरा वर्षांची गाडी, आठ माणसं ऐसपैस बसतील एवढी. नातवंडं लहान होती तेव्हा बाबांनी हौसेने घेतलेली. नातवंडं मोठी होऊन पांगली आणि आता त्या धुडातून दोनच म्हातारी माणसं फिरायची. मधला सरकता दरवाजा जरा उचलून ओढल्याशिवाय उघडायचा नाही. मागच्या सीटखाली कुठल्या काळी सांडलेल्या दुधाचा वास अजून गेला नव्हता. आणि डाव्या अंगाला ओरखडे. गेटचे, खांबांचे, कुणाच्या तरी भिंतीचे. दोन वर्षांत अकरा. तिने ते मोजले होते, कारण तिचा धंदाच तो. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती चेकर होती. शर्टाचा एक सुटलेला टाका तिला हातभर अंतरावरून दिसायचा.

गाडी म्हातारी झाली, हे तिने लावून धरलं होतं. स्टिअरिंग डावीकडे ओढतंय, दुसरं काय? मेकॅनिक गाडीखाली शिरला, बाहेर आला आणि म्हणाला, "ताई, स्टिअरिंग एकदम सरळ आहे. गाडीला काही धाड भरलेली नाही." मेकॅनिक बाबांचा जुना दोस्त. तोही सामील आहे, असं तिने ठरवून टाकलं.

दोन महिन्यांपूर्वी तिने न विचारता भंगारवाल्याला थेट गेटवर आणून उभं केलं. बाबांनी त्याला हाकललं आणि मग तिच्याकडे वळले. "एकतीस वर्षं बस चालवली मी. माझ्या हातून एक माणूस खरचटलं नाही. तू मला गाडी शिकवणार?"

"गाडी भंगारात निघालीय, बाबा. आणि तुम्हीही हट्टाने तिच्याबरोबर निघालाय."

हे बोलायला नको होतं, हे तिला तेव्हाच कळलं. पण माघार घेणं त्या घराण्यात कुणाच्याच रक्तात नव्हतं. त्या दिवसापासून बापलेकीचा अबोला. जे काय सांगायचं ते आईमार्फत. मग तीन आठवड्यांपूर्वी आई जिन्यावरून पडली, पाय मोडला, आणि निरोप्याच हॉस्पिटलात जाऊन पडला. आता बाबा भिंतीशी बोलत, आणि ती फाटकाशी.

आज आईला घरी सोडणार होते. प्लास्टर मांडीपर्यंत, पाय वाकवायचा नाही. तिच्या छोट्या गाडीत तो पाय मावणं शक्य नव्हतं. नाक मुठीत धरून तिला व्हॅनच्या दाराशी यावं लागलं.

"दहाला गाडी निघेल," बाबांनी अंगणातल्या कुंडीला सांगितलं. "यायचं त्याने यावं."

"गाडी मी चालवते म्हणावं," ती फाटकाला म्हणाली.

बाबांनी किल्ली फिरवली.

ती आईच्या जागेवर बसली, बाबांच्या डाव्या हाताला. ही आईची जागा म्हणजे घरातला एक विनोद होता. आईचं तोंड गाडीत क्षणभर मिटायचं नाही. "सायकल. गेली सायकल. खांब. पोर घेऊन बाई, थांबलीय ती. आता मोकळं." सुट्टीत आलेली नातवंडं मागे बसून आजीची नक्कल करायची आणि हसून हसून लोळायची. आज त्या जागेवरून चकार शब्द निघणार नव्हता. संतापाच्या भरात तिने बाबांना अंगठा दाखवला, चौथीतल्या पोरीसारखा, अगदी त्यांच्या गालाजवळ नेऊन. बाबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. बघा कसा खुन्नस ठेवतो माणूस, असं म्हणून ती आणखी पेटली.

गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याचा डबा गाडीला घासला. बारावा ओरखडा. तिने ओठ घट्ट मिटले. चौकात डावीकडे वळायचं होतं. बाबा थांबले, आणि थांबूनच राहिले. मागून हॉर्न वाजले. बाबांनी घसा खाकरला.

"रस्ता मोकळा असेल तर कुणी सांगायला हरकत नाही," ते काचेला म्हणाले.

हा टोमणाच, दुसरं काय. मरा, ती मनात म्हणाली, मी नाही बोलणार. बाबांनी आणखी क्षणभर वाट पाहिली आणि गाडी वळवली, थेट हातगाडी ढकलत निघालेल्या माणसावर.

"बाबा! डावीकडे!"

ब्रेक लागला. हातगाडी बंपरपासून वीतभर. त्या माणसाने व्हॅनच्या बॉनेटवर थाड थाड हात आपटले आणि बाबांच्या सात पिढ्या उद्धरल्या. बाबा पांढरेफटक पडले होते.

"दिसला नाही," ते म्हणाले. दोन महिन्यांत तिच्याशी बोललेला पहिला शब्द.

तिने पुन्हा हात वर केला, त्यांच्या डाव्या डोळ्याजवळ, आणि बोटं हलवली. बाबा समोर बघत होते. पापणीसुद्धा लवली नाही.

हॉस्पिटल अजून दहा मिनिटांवर होतं आणि मागे गाड्यांची रांग लागली होती. दात खात ती बोलत राहिली. "सायकल. खांब. ट्रक उभा आहे. आता मोकळं." प्रत्येक शब्दागणिक तिचा पारा चढत होता. हॉस्पिटलच्या आवारात गाडी मागे घेऊन लावायची होती. बाबांनी इंजिन बंद केलं. "मी रिव्हर्स घेत नाही आता," ते म्हणाले आणि गाडी तशीच सोडून, किल्ली घेऊन चालू लागले.

आई पलंगावर तयार बसली होती. तिने आईभोवतीचा पडदा ओढला आणि तोफ डागली. "बाबांना डाव्या डोळ्याने दिसत नाही. तुला माहीत होतं!"

"काचबिंदू आहे," आई म्हणाली. "दोन वर्षं झाली. उजवा छान आहे अजून."

"छान आहे? आणि तू शेजारी बसून सायकल-खांब करत फिरत होतीस? किल्ली काढून घ्यायची अक्कल नव्हती?"

"नोकरी संपून बस सुटली तेव्हा सहा महिने भिंतीकडे तोंड करून पडून होते ते. ते कुणी बघितलं? तू नव्हतीस बघायला."

"आणि एखाद्या माणसाला उडवलं असतं म्हणजे?"

आईने प्लास्टरवरून हात फिरवला. "उडवलं की," ती म्हणाली.

बाहेर औषधांची ढकलगाडी खडखडत गेली.

"जिन्यावर नाही पडले मी. ते अंगणात रिव्हर्स घेत होते. मी मागे, डाव्या कोपऱ्याला उभी, 'येऊ द्या, येऊ द्या' करत. त्यांना वाटलं मी उजवीकडे आहे." आईने आवाज खाली आणला. "एकतीस वर्षं बस चालवून हे पहिलंच माणूस त्यांचं. जिना मीच सुचवला."

पडदा हलला. बाबा तिथेच उभे होते, किल्ली मुठीत. तिने हात पुढे केला. बाबांनी आईकडे पाहिलं.

"द्या," आई म्हणाली.

त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली नाही. पलंगावर ठेवली. "हवी त्याने घ्यावी," ते पंख्याला म्हणाले.

परतताना ती चालवत होती. बाबा आईच्या जागेवर, आई मधल्या सीटवर पाय लांब करून. चौक आला आणि मागून सुरू झालं, "सायकल. गेली सायकल. खांब."

"आई, गप्प बस. मला दोन्ही डोळ्यांनी दिसतं."

"हो ना. अकरा ओरखडे मोजलेस," आई म्हणाली. "एकदा त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं असतंस तर?"

तिने खाडकन गिअर बदलला.

घराचं गेट अरुंद. आईला दारापर्यंत न्यायचं तर गाडी मागे घेऊनच आत घालावी लागणार. ती काही म्हणायच्या आत बाबा उतरले. चालत मागे गेले आणि डाव्या कोपऱ्याला उभे राहिले. मधल्या सीटवर आईने डोळे मिटून घेतले.

"येऊ द्या," बाबा गाडीला म्हणाले. "येऊ द्या."

तिने रिव्हर्स टाकला, पण पाय ब्रेकवरून उचलेना. डाव्या आरशात बाबा स्वच्छ दिसत होते, हात हलवत, गाडीपासून वीतभर.