भागीरथाबाई नाला ओलांडते

आरमोरीजवळच्या आमच्या गावचा सरपंच सोमाजी सगळ्यांचा लाडका. दंडारीच्या खेळात तो सोंग घेऊन उभा राहिला की म्हाताऱ्याही पदरात तोंड लपवून हसायच्या. आई लवकर गेली, म्हणून त्याला वाढवलं ते थोरल्या बहिणीनं, विधवा भागीरथाबाईनं.

पंचावन्न साली हस्ताचा पाऊस आलाच नाही. धान शेताच्या बांधीतच करपू लागलं आणि तलावाच्या पाण्यावरून नाल्यापलीकडच्या गावाशी मारामारी झाली. दोन्हीकडची डोकी फुटली.

सोमाजीनं गाव चावडीपुढं जमवलं. "भांडण मिटेपर्यंत गावाची सभा बंद. मी म्हणीन तेच होईल. तिकडं जो जाईल तो गद्दार!"

लोकांनी टाळ्या पिटल्या, भराभर हात वर केले. भागीरथाबाईचा हात मात्र मांडीवरच राहिला.

जेवताना त्यानं विचारलं, "बाई, तू हात काऊन नाई उचलला?"

"तुले मत देल्लं ते सगळ्यांले इचारून काम करशील म्हणून," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला. "जेव आता."

पुढं इतवारी नावाच्या म्हाताऱ्याची लेक बाळंत झाली. ती पलीकडच्याच गावी दिलेली. नातू पाहायला निघालेल्या इतवारीला सोमाजीनं पहाऱ्याला बसवलेल्या काठीवाल्यांनी नाल्यावर अडवलं. भागीरथाबाई तिथं धुणं धूत होती. तिनं हातातलं लुगडं दगडावर टाकलं, म्हाताऱ्याचा हात धरला आणि पाण्यात उतरली. काठीवाले गोंधळले. सरपंचाच्या बहिणीवर काठी कोण उगारणार?

सोमाजी धावत आला. तोवर दोघं पलीकडे पोचली होती.

"बाई, घरी ये!"

"सभा बोलाव, मंग येतो."

ती बाळंतिणीपाशीच राहिली. सोमाजी रोज काठावर येऊन हाक मारी, रोज तेच उत्तर घेऊन परते. शेवटी त्यानं सभा बोलावली.

 सभेत एकीनं माहेरची आठवण काढली, दुसऱ्यानं पलीकडच्या साडभावाची. नाल्यावरची बंदी उठवायला इतके हात वर झाले की सोमाजी पाहतच राहिला. सभा यापुढं दर महिन्याला भरवायचं ठरलं, आणि पाण्याचं बोलायला गावातले दोघे पलीकडे गेले. पाणी वाटून घेतलं तोवर अर्धं पीक गेलंच होतं.

सोमाजी रुसला होता. तरीही तो स्वतःच नाल्यात उतरला आणि बहिणीला हात धरून घरी घेऊन आला.