राहीचा कोरा पेपर

सांगलीला 'मन शांत ठेवण्याचं' शिबिर होतं. उंब्रजच्या आमच्या हायस्कुलातून कुणाला तरी धाडायचं होतं. शाळेत सगळ्यांत तापट म्हणून हेडमास्तरांनी मलाच धाडलं. मी पीटीचा मास्तर, त्याआधी लष्करात हवालदार. आठवडाभर डोळे मिटून आपला येणारा-जाणारा श्वास बघायचा होता. बाकीच्यांनी बघितला. मी शेजारच्याचं घोरणं ऐकत दातओठ खात बसलो.

परत आल्यावर मॅट्रिकच्या वर्गाला हेच शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला शिकवायची एकच तऱ्हा येते. "सावधान! डोळे मीट! श्वास घे! सोड!" एकदा 'घे' म्हणालो आणि फाटकातून म्हैस आत शिरताना दिसली. तिला हाकलून येतो तर अख्खा वर्ग लालबुंद! निम्मी पोरं फौजींच्या घरची, हुकमाशिवाय श्वास सोडतील कशी? मानसिंगची राही तर आडवीच झाली होती.

खरं म्हणजे हा सगळा खटाटोप राहीसाठीच चालला होता. पोरगी वर्गात सगळ्यांत हुशार, पण चाचणीला पेपर समोर आला की दगड व्हायची. कोरा कागद देऊन उठायची. मॅट्रिकला असंच झालं तर तिचं शिक्षण संपलंच. तोंडावर पाणी मारून तिला उठवलं आणि विचारलं, "पेपराची एवढी कसली भीती गं?"

"पेपराचं भ्या न्हाई, सर. नापास झाले तर लगीन, आन् पास झाले तरी लगीनच. आबांनी लोणंदचं स्थळ बगितलंय. मग ल्हिऊ कशाला?"

मला लाज वाटली. लय वाटली. इतके दिवस मी या पोरीला डोळे मिटून श्वास बघायला लावत होतो!

संध्याकाळी मानसिंगच्या मळ्यात गेलो. तो पूर्वी माझ्याच हाताखाली नाईक होता. वाटेत शिबिरातलं सगळं आठवून मन गार केलं. गोड आवाजात म्हणालो, "मानसिंग, पोरगी हुशार आहे. पुढं शिकू दे तिला."

उसाला पाणी पाजत तो म्हणाला, "पोरीला कशाला कालेज, साब?"

झालं! सांगलीचा आठवडा त्या पाटाच्या पाण्यात वाहून गेला. मी कवायतीच्या मैदानावरच्या आवाजात गरजलो, "मानसिंग! पोरगी कराडला कॉलेजात जाईल! समजलं?"

हातातलं फावडं टाकून मानसिंग चिखलात टाचा जुळवून ताठ उभा राहिला. "जी साब!"

मग त्याचा तोच ओशाळला. बांधावर त्याची बायको बनुबाई खुरपं घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आवं, जी म्हनलासा न्हवं? आता माघारी फिरायचं न्हाई."

परीक्षेचं केंद्र आमच्याच शाळेत होतं आणि राहीच्या खोलीवर देखरेखीला मी. पेपर हातात आला तरी ती डोळे मिटून नुसती बसलेली. खोलीत इतक्या येरझाऱ्या घातल्या की एका पोरानं वैतागून वर बघितलं. मग राहीनं डोळे उघडले, दौतीत टाक बुडवला आणि लिहायला लागली.

शेवटाकडे तिनं हात वर केला. "सर, पुरवणी."

पुरवणी घेऊन धावलो. ती मूळ पेपराला बांधायला गेलो तर बोटं ऐकेनात, दोरा सारखा निसटायला लागला.

"द्या हिकडं, सर," राही म्हणाली आणि तिनंच गाठ मारली.