भिंगाची कड

घड्याळजींच्या मते जगातली निम्मी माणसं बावळट होती आणि उरलेली निम्मी त्यांच्या दुकानात घड्याळं दुरुस्तीला आणून देत, म्हणजे तीही बावळटच. महागडं घड्याळ घालून आंघोळ करायची आणि वर विचारायचं, आत पाणी कसं गेलं? असल्यांशी काय बोलणार, कपाळ?

त्यामुळे शनिवारी सकाळी मुलीची उजवी पापणी टरारून सुजली, तेव्हा कारण शोधायला त्यांना अर्धा क्षणही लागला नाही.

"काजळ," ते म्हणाले. "फासा अजून."

"महिनाभर लावलेलं नाही बाबा."

"मग झोप नसेल. मोबाइल बघत बसता रात्रभर."

मुलीने आरशात पापणी पुन्हा पाहिली. सोमवारी तिची परीक्षा होती. घड्याळाच्या एका मोठ्या कंपनीत दुरुस्तीच्या टेबलावर एकच जागा होती. नखाएवढं घड्याळ दोन तासांत खोलून, साफ करून, पुन्हा चालतं करून दाखवायचं. चार वर्षं ती बापाच्या शेजारी बसून शिकली होती, हात बापापेक्षा हलका झाला होता. आणि आता भिंग बसवायचा डोळाच उघडत नव्हता.

"रांजणवाडी आहे, दुसरं काय," घड्याळजींनी बारीक चिमटा उचलला. "मला वर्षात तीनदा झाली. दाबून काढली की खलास. इकडे ये."

"हात लावू नका," ती मागे सरकली. "मी डॉक्टरांकडे जाते."

घड्याळजीही निघाले, डॉक्टरीणबाईंची अक्कल किती ते बघायला. बाईंनी मुलीची पापणी पाहिली आणि मग, कोणी सांगितलं नसताना, घड्याळजींचीही. त्यांच्या पापण्यांच्या मुळाशी कोंडा धरला होता.

"काम काय करता?"

मुलीने बापाच्या खिशातलं भिंग काढून टेबलावर ठेवलं. दुकानात एवढंच भिंग होतं. दुसरं कधी आणू दिलंच नव्हतं त्यांनी. काम तपासायचं ते उस्तादाच्या भिंगातूनच, हा त्यांचा नियम. स्वतःच्या डोळ्यातून काढायचं आणि गरम असतानाच तिच्या डोळ्याला लावायचं, "बघ, आता दिसलं?" असं विचारत. दिवसातून वीसेक वेळा.

बाईंनी ओला कापूस भिंगाच्या कडेवरून फिरवला. कापूस पिवळट तपकिरी झाला.

"काच तर लखलखीत आहे," त्या म्हणाल्या. "कड कधी धुतली होती?"

"कडेतून कोणी बघत नाही," घड्याळजी म्हणाले.

"पापणीला कडच टेकते. तिथे तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. तोंड बंद झालं, जंतू शिरले, की फोड येतो. तुमचे जंतू रोज हिच्या पापणीला जात होते." मग त्या मुलीकडे वळल्या. "स्वच्छ कपडा सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळायचा आणि मिटलेल्या डोळ्यावर दहा मिनिटं धरायचा. दिवसातून चारदा, दर वेळी धुतलेला कपडा. आधी हात धुवायचे. दाबायचं नाही, टोचायचं नाही, भिंग लावायचं नाही. सूज गालाकडे पसरली, ताप आला किंवा अंधूक दिसलं तर लगेच या."

"इतकी वर्षं शिकून शेवटी गरम फडकं," घड्याळजी पुटपुटले.

"सोमवारी बरं होईल?" मुलीने विचारलं.

"आठवडा तरी धरा."

घरी येऊन तिने कंपनीत फोन केला. पलीकडचा माणूस सभ्य होता. वाईट वाटलं म्हणाला. पण सोमवारची यादी पक्की होती, पुढची भरती कधी ते त्याला ठाऊक नव्हतं. फोन ठेवून तिने पाणी तापवलं, कपडा पिळला आणि डोळ्यावर धरून बसली.

घड्याळजी तिच्यासमोर बसले. त्यांना बरं वाटत होतं, आणि ते लपवायची तसदीही त्यांनी घेतली नाही.

"गेली तर गेली. नोकऱ्या करायला का शिकवलंय तुला? आपलं दुकान आहे."

"मला तिथे का जायचं होतं माहीत आहे?" ती कपडा न काढता म्हणाली. "तिथे प्रत्येकाला स्वतःचं भिंग असतं. चार वर्षांत मी एकही घड्याळ माझं मी तपासून गिऱ्हाइकाला दिलेलं नाही. आधी तुम्ही बघायचं, मग मी. तुम्हाला दिसलं तेवढंच मला दिसायचं."

तिला मूर्ख म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांना आठवलं. गेल्या महिन्यात एका घड्याळातल्या चाकाचा तुटका दात त्यांच्या नजरेतून सुटला होता, आणि तो तुटका आहे हे तिने दोनदा सांगितलं होतं. तुलाच नीट दिसत नाही, असं म्हणत त्यांनी तिलाच झापलं होतं. घड्याळ परत आलं, तेव्हा दोष गिऱ्हाइकाच्या माथी मारला होता.

ते उठले. न्हाणीघरात जाऊन भिंग साबणाने घासलं, कड नखाने खरवडली, पुन्हा घासलं. पुसून तिच्यापुढे धरलं.

"बघ. धुतलं."

"ठेवा तुमच्याकडेच," मुलगी म्हणाली आणि कपडा पुन्हा गरम पाण्यात बुडवायला उठली.