सुरंगीला न दाखवलेलं शिंगरू

माघातल्या संकष्टीच्या सकाळी माझ्याकडच्या सुरंगी घोडीचं शिंगरू गेलं. ती पहाटे व्याली होती. शिंगराने मान उचलली, उठायला गेलं आणि पडलं. सुरंगीने त्याचा एक कान चाटला. मी पाण्याची घागर घेऊन परत येईपर्यंत त्याचा श्वास थांबला होता.

आमच्या पागेत रीत अशी की मेलेलं शिंगरू घोडीला दिसू द्यायचं नाही. ती हाय खाते म्हणतात. दत्तोबा पागेतले सगळ्यांत जुने मोतद्दार. त्यांचा सारा जन्म घोड्यांची निगा राखण्यात गेला. त्यांनी सुरंगीच्या तोंडाला चंदीचा तोबरा बांधला आणि तिला भिंतीकडे वळवलं. मग त्यांनी आणि मी शिंगरू घोंगडीत गुंडाळून मागच्या दाराने बाहेर काढलं. आंबील ओढ्याच्या काठी बाभळीखाली पुरलं. कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून अंगावर भरपूर मीठ घातलं.

परत आलो तर तोबरा भरलेलाच होता. हरभऱ्याचा एक दाणाही तिने खाल्ला नव्हता.

दिवसभर ती ओरडत राहिली. आत येईल त्याला हुंगायची. शिंगरू गुंडाळून नेलेली माझी घोंगडी तिने दातांत धरून ओढली आणि सोडेना. संध्याकाळी तिची कास हाताला दगडासारखी लागली. दूध काढायला बसलो तर तिने लाथ झाडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सालोत्र्याला, घोड्यांच्या वैद्याला, बोलावलं. त्याने लांबूनच कास पाहिली.

"आजच्या आज दूध निघालं पाहिजे. नाहीतर आत पू धरेल, ताप चढेल. मग माझं औषध चालायचं नाही."

"ती हात लावू देत नाही," मी म्हणालो.

"मग तिलाच विचारा कुणाचा हात चालतो ते," असं म्हणून तो चालता झाला.

मागचे पाय बांधून पाहिले. तिने इतकी ओढाओढ केली की दोर मांसात रुतला. मी दोर सोडला. तिचे कान गरम लागत होते. पागेत ताप चढलेल्या घोड्या मी पाहिल्या आहेत. त्यातली एकही उठलेली आठवत नाही.

"दत्तोबा, तिला शिंगरू दाखवू या," मी म्हणालो.

"पुरलेलं वर काढतोस? डोकं ठिकाणावर हाय का?"

"ती शोधतीय त्याला. मेलंय हे तिला ठावंच नाय."

"घोडी हाय ती, मच्छिंद्रा. तू तिचा मोतद्दार हायस का व्याही?"

गेल्या साली मी स्वारीबरोबर कर्नाटकात होतो. ज्येष्ठात परत आलो तर घर सारवून ठेवलेलं होतं. माझी बायको सोजर महिन्यापूर्वी तापाने गेली होती. तिची लुगडी, तिचं जातं, सगळं वाटून टाकलं होतं. मला दिसून त्रास नको म्हणून. ते सगळं दत्तोबांच्याच घरच्यांनी केलं होतं, आणि चांगल्या मनाने केलं होतं.

"दत्तोबा," मी म्हणालो, "मला अजून सोजर गेली असं वाटत नाय. दारात कुणी आलं की मी उठतो."

दत्तोबा सुरंगीपाशी गेले, तिचा गरम कान चाचपला.

"फावडं गंजीमागं हाय," ते म्हणाले. "सालोत्र्याला बोलू नको. तो आधी आपल्या दोघांना औषध पाजंल."

ओढ्याकडे जाताना मला धास्ती होती की खड्डा उकरलेला असेल. तो तसाच होता. मग शिंगरू उकरून घोंगडीत घेऊन परत येताना वाटलं, ती पाहील आणि खरंच हाय खाऊन पडेल. मग दोष रीतीचा नाही, माझा.

घोंगडी तिच्यापुढे उलगडली. ती एकदम मागे सरली, नाकपुड्या फुलवल्या. दत्तोबांनी दोर धरला. मग तिने मान खाली घातली आणि हुंगू लागली. कान, पाठ, पाय. मग चाटायला लागली. मीठ चाटत होती की पोर, ते मला सांगता येणार नाही. पण तिचं ओरडणं थांबलं. बरंच चाटल्यावर तिला तहान लागली, आणि काल सकाळपासून पहिल्यांदा ती घागरभर पाणी प्याली.

"बस आता," दत्तोबा हळूच म्हणाले.

मी कासेखाली बसलो. लाथ आली नाही. एका बाजूचं दूध उतरलं, पिवळं, दाट. ते गवतावर सांडू दिलं. दुसरी बाजू अजून कडक आहे. दाबलं की ती कण्हते आणि चार थेंब येतात. कानांचा गरमपणा गेलेला नाही. ताप आहे की उन्हाची ऊब, सालोत्री सांगू शकेल, पण त्याला बोलावलं तर आधी हे सगळं दाखवावं लागेल.

दिवस कलला तशी मी घोंगडीची कड उचलायला गेलो. सुरंगीने कान मागे पाडले आणि दात दाखवले.

"ऱ्हाऊ दे," दत्तोबा म्हणाले.

"वास सुटंल."

"सुटू दे. तिला बघू दे."

ते कट्ट्यावर बसले आहेत. मी दर थोड्या वेळाने कासेला हात लावून पाहतो. दुसरी बाजू उतरलेली नाही, आणि शिंगरू अजून पुरायचं आहे.