परक्या माणसासाठी उघडलेली खिडकी

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून स्वयंपाकघरातली खिडकी उघडत नव्हती. कुणीतरी रंग देताना ती चौकटीसकट रंगवून टाकली होती आणि ती तशीच घट्ट बसली होती. मी पहिल्याच आठवड्यात ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "रविवारी बघतो." त्यानंतर किती रविवार आले आणि गेले, ते मोजायच्या फंदात मी पडले नाही. तळण असलं की डोळे चोळत बाहेरच्या खोलीत यायचं, मोकळा श्वास घ्यायचा आणि परत आत जायचं, हे माझ्या अंगवळणी पडलं.

शेवटी आमच्या गुडघ्यांनीच हात टेकले. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. लेकीने तिच्या घराजवळ तळमजल्यावरची एक छोटी जागा आमच्यासाठी हेरून ठेवली. आमचं घर घ्यायला एक तरुण जोडपंही तयार झालं. त्यांची अट एकच होती. तपासणीवाले येऊन घर बघतील, त्यांनी होकार दिला तरच व्यवहार. त्यांनी नाक मुरडलं असतं तर हा व्यवहार मोडला असता आणि लेकीजवळची जागाही हातची गेली असती.

झालं! ह्यांच्या अंगात वारं संचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर हे स्टुलावर उभे, हातात पटाशी, आणि खिडकीच्या फटीतला रंग खरवडताहेत. दुपारच्या चहाच्या आत खिडकी उघडली. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे मला ओट्यापाशी उभ्या उभ्या दिसायला लागले. छान झुळूक आली.

"बघ!" हे हात झटकत म्हणाले. "काही विशेष नव्हतं. अर्ध्या दिवसाचं काम."

अर्ध्या दिवसाचं काम! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या आठवड्यात ह्यांनी काय केलं नाही ते विचारा. वर्षानुवर्षं टपटपणारा नळ गप्प झाला. बाहेरच्या खोलीतल्या दिव्याचं बटण दाबून वर एक टिचकी मारावी लागायची, तो दिवा आता मुकाट्याने लागायला लागला. डुगडुगणारी फरशी जागेवर बसली. बाथरूमचं दार तर इतकं फुगलेलं होतं की खांद्याने धडक दिल्याशिवाय कुणाला आंघोळ मिळत नसे. ते ह्यांनी उतरवलं, रंधा मारला, बिजागऱ्यांना तेल दिलं आणि परत बसवलं. फोनवर लेक म्हणाली, "बाबांची कमालच आहे!" मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि आत निघून गेले.

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण मला वाईट वाटत होतं, अगदी रडू येईल इतकं वाईट. माझं सांगणं ह्यांनी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. आणि कोण कुठला तपासणीवाला, ज्याचं तोंडही आम्ही पाहिलं नव्हतं, त्याच्यासाठी घर लख्ख! मी अबोला धरला. हातोडीच्या आवाजात ह्यांना तो कळायलाही वेळ लागला.

तपासणीवाले साहेब वयाने आमच्याएवढेच निघाले. कानावर पेन्सिल, हातात टॉर्च. त्यांच्या मागून ते तरुण जोडपं. साहेबांनी नळ सोडून पाहिले, भिंती ठोकून पाहिल्या, माळ्यावर चढून छतातली ओल शोधली. काहीच सापडेना. ह्यांची छाती फुगत चालली होती. "आता बाथरूम दाखवतो, या," असं म्हणत हे पुढे झाले आणि सवयीने दाराला खांद्याची सणसणीत धडक दिली.

दार धाडकन उघडलं. हे त्याच वेगाने आत गेले, अडखळले आणि थेट बादलीत बसले. बादली भरलेली होती.

साहेबांनी दार एका बोटाने पुढेमागे हलवून पाहिलं. बिजागरीवर टॉर्च मारला. "हे दार हल्लीच दुरुस्त केलेलं दिसतंय," ते म्हणाले. "आणखी काय काय केलंय हल्ली?"

हे बादलीतूनच माझ्याकडे बघायला लागले. जोडप्याच्या चेहऱ्यावर शंका दिसायला लागली. मी सांभाळून घ्यायला हवं होतं. पण आठवडाभर मिटून ठेवलेलं तोंड एकदा सुटलं ते सुटलंच.

"सगळंच!" मी म्हणाले. "खिडकी, नळ, दिवा, फरशी, दार. सगळं ह्या आठवड्यात! मी मागे लागले तेव्हा ह्यांचा रविवार कधी उगवला नाही. तुम्ही येणार म्हटल्यावर रोज रविवार! जन्मभर मी धुरात डोळे पुसले, आणि खिडकी उघडली कुणासाठी? तुमच्यासाठी. आता काय लिहायचं ते लिहा."

मला वाटलं, संपलं. आपल्याच तोंडाने लेकीजवळची जागा घालवली. ती तरुण मुलगी मात्र आपल्या नवऱ्याकडे अशी बघत होती की तो बिचारा खाली फरशी न्याहाळायला लागला.

"ताई," साहेब म्हणाले, "दुरुस्ती कधी झाली, ते मी बघत नाही. नीट झालीय का, ते बघतो. आणि ती नीट झालीय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्याकडेही एक दिवा गेलाय बरेच दिवस. आज लावूनच टाकतो."

साहेब गेल्यावर जोडपं चहाला थांबलं. हे कोरडे कपडे घालून आले.

"मग काका, महिनाअखेरीला ताबा द्याल ना?" मुलाने विचारलं.

हे लगेच हो म्हणणार, याची मला खात्री होती. आठवडाभर ह्यांनीच तर घाई लावली होती. पण ह्यांनी कप खाली ठेवला.

"आणखी एक महिना थांबाल का?" हे म्हणाले. "अडचण काही नाही. तिकडच्या जागेवाल्यांशी मी बोलतो. पण हिने मागितलं होतं तसं घर आत्ता कुठे तयार झालंय हो. हिला थोडे दिवस राहू द्या त्यात."

तिच्या नवऱ्याने तोंड उघडायच्या आत ती मुलगी म्हणाली, "राहा ना काकू, आम्हाला काही घाई नाही."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सगळ्यांदेखत कसंबसं हसले. ते दोघं जिना उतरून गेल्यावर मी दार लावलं आणि ह्यांच्याशी धरलेला अबोला सोडला.

"एकच महिना?" मी म्हणाले. "मागायचेच होते तर दोन तरी मागायचे!"